घरची मोटार

२१ मार्च १९६३, गुरुवार

दयाराम आज सकाळी चक्कीवर आला. दयाराम म्हणजे आमच्या मनकर्णाचा भाऊ, माझा मेहुणा, शेगावला मास्तर. बोलतो असा, जणू समोरचा प्रत्येक माणूस दुसरीत बसला आहे. बातमी मात्र चांगली आणली. आमच्या लेकीसाठी, रुख्मिणीसाठी स्थळ, बऱ्हाणपूरचं. मुलगा तिथे हायस्कुलात शिकवतो. वडील कारभारीजी गावंडे, घरची शेती. मूळचे आपल्या पिंपळगाव राजाचे, आजोबाच्या वेळी तिकडे गेले. रुख्मिणीचा फोटो त्यांना आवडला, आणि सात एप्रिलला, रविवारी, घर आणि मुलगा पाहायला बोलावलं आहे.

बऱ्हाणपूर! छप्पन सालापर्यंत ते आणि आपण एकाच राज्यात होतो, तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं. आता ते मध्य प्रदेशात, आपण महाराष्ट्रात. मध्ये नाका, शिपाई, रजिस्टर. म्हणजे सरळ फॉरेन. वरवट बकालमधून फॉरेनला सोयरीक करणारा पहिला माणूस मीच ठरणार.

ही डायरी इंजिन ऑइलच्या एजंटाने जानेवारीत भेट दिली होती. आजवर कोरी. आता लिहिण्यासारखं काही घडू लागलं आहे.

२२ मार्च, शुक्रवार

दयाराम प्रवासाचा प्रोग्राम कागदावर लिहून घेऊन आला. पहाटे वरवटहून शेगावची यस्टी. शेगावहून पॅसेंजर. भुसावळला गाडी बदलायची. दुपारी एकपर्यंत बऱ्हाणपूर. खाली लाल शाईने 'सर्वांनी वेळेवर हजर राहावे'. मी कागद वाचला आणि त्यात सुपारी बांधून ठेवली.

मुलीचा बाप यस्टीतून उतरतो! डोक्यात धूळ, पायावर कोणाच्या तरी तेलाच्या डब्याचा डाग, मांडीवर अनोळखी कोंबडी. अशा माणसाशी बरोबरीने कोण बोलेल? वीस वर्षांपूर्वी मी लोकांच्या सरकीच्या गाड्या हाकत होतो. आज स्वतःची चक्की, स्वतःची डाळ गिरणी. हे सगळं काय मागच्या शिटावर आपटत जाण्यासाठी केलं?

ठरलं. मोटार. भाड्याने घेऊ. जळगाव जामोदवरून सातपुड्यातून सरळ बऱ्हाणपूर, छप्पन मैल. ताशी वीस मैल धरले तरी तीन तास. दयारामचे सात. मास्तरांना गणित शिकवायला देतात, वापरायला नाही.

२४ मार्च, रविवार

घरात मोटारीचं जाहीर केलं. अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. मनकर्णा म्हणाली, मोटारच पाहिजे काऊन? रेल्वेनं गेलं त पोरगी नापसंत करतात का? मी म्हणालो, प्रश्न इम्प्रेशनचा आहे. ती म्हणाली, मागच्या दोन्ही ठिकाणी तुमचंच इम्प्रेशन पडलं होतं.

हा टोमणा. खरी हकीकत अशी की अकोटच्या स्थळाशी मी दोन तास मोकळेपणाने बोललो, त्यांना आपली योग्यता कळली, आणि ते घाबरले. तेल्हाऱ्याचेही तसेच. कमकुवत माणसं. पण रुख्मिणीला एकोणिसावं लागलं हेही खरं. तिसरं मोडलं तर आजूबाजूच्या गावांत, या घरात काहीतरी आहे, असं बोलू लागतील, असं मनकर्णाचं म्हणणं. ते मात्र बरोबर आहे. हे स्थळ काही झालं तरी जमलं पाहिजे. म्हणूनच मोटार.

रुख्मिणी पाणी द्यायला आली. ग्लास ठेवता ठेवता म्हणाली, बाबा, मले हे स्थळ पसंत आहे, मास्तर मले पुढं शिकू देणार म्हणे. मग थोडं थांबून, बाबा, यावेळी तुम्ही थोडं कमी बोला. पोरीला बापाची काळजी. घसा बसेल म्हणून.

२७ मार्च, बुधवार

पिंपळगाव राजाला जाऊन आलो. तिथे रंगराव गावंड्याची काळी मोटार आहे. आठ माणसांची, पितळी भोंगा, मागे पडदे. नेहमी बाहेर देत नाही, पण माझ्यासारख्याला नाही म्हणवेना. मी इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. चक्कीचं इंजिन मी वीस वर्षं कानाने सांभाळतो. रात्री अंथरुणातून सांगतो, पट्टा सैल झाला. मोटारीत काय वेगळं असणार? आवाज उत्तम. तिसऱ्या सिलिंडरला किंचित खोकला, पण तो वयाचा.

घरी सांगितलं तर मनकर्णाने पुन्हा फाटे फोडले. गावंड्याची मोटार घेऊन गावंड्याच्याच दारी कशाले जाता? एका गावचे, एका आडनावाचे, भाऊबंद असतील. मी म्हणालो, अर्ध्या वऱ्हाडात गावंडे आहेत. आणि मोटारीला आडनाव नसतं. बायकांना मशीनरीतलं कळत नाही.

२९ मार्च, शुक्रवार

कारभारीजींना पत्र टाकलं. भाषा भारदस्त झाली आहे. 'आम्ही आमच्या घरच्या मोटारीने सकाळी दहाच्या सुमारास पोहोचू, तरी दारासमोर मोटार वळवण्यापुरती जागा मोकळी ठेवावी.' 'घरच्या' हा शब्द लिहिताना क्षणभर थांबलो. पण त्या दिवसापुरती ती आपल्या घरची असणारच. खोटं काही नाही.

२ एप्रिल, मंगळवार

मोटारीतून उतरण्याची प्रॅक्टिस केली. खुर्चीवर बसायचं, डावा पाय आधी, मग काठी, मग धोतराचा सोगा, मग बाकीचा मी. तिसऱ्या वेळी जमलं. खिडकीतून शेजारच्या अन्नपूर्णाबाई पाहत होत्या. संध्याकाळी मनकर्णाला विचारत होत्या म्हणे, भाऊजींच्या कमरेत काही निघालं का.

दयारामचा निरोप. तो आपल्या कागदाप्रमाणेच येणार. जावो. बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर त्याला आणायला मोटार पाठवू. तेव्हा तोंड पाहण्यासारखं होईल.

६ एप्रिल, शनिवार

मोटार आली. ड्रायव्हर कडूबा. पन्नाशीचा, डोक्याला पंचा, तोंडात कायम काडी. मला मालक म्हणतो. माणसाची पारख असलेला वाटला. मोटारीभोवती अर्धं गाव जमलं. मी मुद्दाम जवळ गेलो नाही, ओट्यावर पेपर वाचत बसलो. ज्याची असते तो पाहत नाही.

मनकर्णा मोटारीत जाऊन बसली, वास घेतला, उतरली. म्हणाली, घाटात मले उलटी होईल, तिथं ओल्या लुगड्यानं जाऊ का? मी आपली दयारामसोबत यस्टीनं जातो. मोटार दारात उभी असताना! मी एक शब्द बोललो नाही. म्हणजे दहा मिनिटं बोललो, पण उपयोग झाला नाही. आता मोटारीत मी एकटा. तेही बरं. आरामात पाय पसरता येतील.

७ एप्रिल, रविवार

सकाळी ५.१५. यस्टीचा भोंगा अंथरुणात पडून ऐकला. बिचारे.

६.४५. निघालो. कडूबाला गावातून दोन चकरा मारायला सांगितल्या. अन्नपूर्णाबाई चुलीशी होत्या, म्हणून तिसरी.

७.१०. गावाबाहेर मैलभरावर मोटार थांबली. रॉकेलचा डबा घेतलेला एक माणूस पुढे येऊन बसला. मी कडूबाकडे पाहिलं. कडूबा म्हणाला, मालक, रिकामी गाडी घाट चढत नाही. वजन लागते. यात तथ्य आहे. बैलगाडीचंही तसंच असतं.

८.४०, जळगाव जामोद. वजन वाढत आहे. रॉकेलवाला, दोघे भाऊ आणि त्यांचं मडकं, एक कंपाउंडर, एक टोपीवाला जो कोण आहे ते कोणालाच माहीत नाही. शेवटी बनाबाई नावाची म्हातारी, लेकीकडे निघालेली, टोपलीत कोंबडी. मी कडूबाला बाजूला घेऊन स्पष्ट विचारलं, ही मोटार मी पूर्ण घेतली आहे की नाही? म्हणाला, पूर्ण तुमचीच आहे मालक, हे लोक फक्त बसले आहेत. तो जवळजवळ प्रेमाने बोलला.

बनाबाईंनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली आहे. म्हणाल्या, बापू, तू बसून काय करून राह्यला, धर. कोंबडी शांत आहे. यस्टीत अशी शांत कोंबडी मिळणार नाही.

१०.२०. नाक्याच्या अर्धा मैल आधी कडूबाने मोटार झाडाखाली घेतली आणि सगळ्यांना उतरवून भाषण केलं. ही खाजगी मोटार. भाड्याने माणसं नेता येत नाहीत, आणि दुसऱ्या राज्यात तर मुळीच नाही. परमिट नाही. नाक्यावर धरली तर मोटार तिथेच जमा. तेव्हा आपण सगळे रंगराव गावंड्याच्या घरची माणसं. विचारलं तर आडनाव गावंडे. भाडं शब्द कोणी काढायचा नाही.

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाला, आधी तुम्ही विचारलं कुठं?

बाकी सगळे पटकन गावंडे झाले. टोपीवाला तर इतका सहज झाला की त्याला सवय असावी. अडल्या त्या बनाबाई. मी काऊन गावंडे होऊ? माह्या नवऱ्यानं अख्खी जिंदगी तायडे म्हणून काढली, त्याले वर काय वाटंल? मी पुढे झालो. गिऱ्हाईक सांभाळण्यात माझा हात कोणी धरत नाही. त्यांना खिडकीची जागा दिली आणि झोपल्याचं सोंग करायला सांगितलं. झोपलेल्या माणसाला आडनाव नसतं.

११.००. नाका पार! आणि तो माझ्यामुळे. कारकून चष्म्यातून एकेकाला पाहत होता. मोटार कोणाची, विचारलं. कडूबा चाचरला. मी उतरून त्याच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, आमची. रंगराव माझा चुलतभाऊ. एका चुलीवरचं जेवलेलो. कारकून म्हणाला, नाव? शेषराव गावंडे, मी म्हणालो, आणि रजिस्टरमध्ये तशी सहीही ठोकली. 'ग'ला जो झोक आला तो माझ्या खऱ्या सहीतल्या 'ढ'ला, ढगे लिहिताना, कधी येत नाही.

कुठे जाता, विचारलं. इथे मी विश्वास बसावा म्हणून तपशील दिला. बऱ्हाणपूर. कारभारीजी गावंड्यांकडे. लेकीसाठी मुलगा पाहायला. कारकुनाने लेखणी खाली ठेवली. तुम्ही गावंडे? हो. आणि गावंड्याच्या घरी पोरगी देऊन राह्यले? मी छाती काढून म्हणालो, हो! त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, उठून उभा राहिला आणि हात जोडले. मोठ्या माणसाला लोक ओळखतात. पत्र्याच्या खोलीत बसून काम करणारा साधा कारकून, पण अदब पाहा.

११.४०. घाट. तिसऱ्या सिलिंडरचा खोकला वाढला. कडूबाला ऐकू येत नाही म्हणे. मी मोटार थांबवायला लावली.

१२.१५. झाकण उघडायला लावलं. कडूबा म्हणतो, चालू होती ना मालक. मी म्हणालो, चालू असतानाच उघडावं लागतं. चक्कीत हीच पद्धत.

१.००. दयाराम बऱ्हाणपूरला उतरला असेल. स्टेशनावर धक्के खात असेल.

१.५०. दोष सापडला नाही. उघडलेलं परत बसत नाही. दोन नट जास्त आले आहेत. मंडळी सागाच्या झाडाखाली बसली आहेत. गावंड्यांसाठी आणलेले पेढे मी वाटून टाकले, नाहीतरी उन्हाने नरमलेच होते. बनाबाईंनी मला भाकर आणि ठेचा दिला. म्हणाल्या, खाय बापू, चुलतभावाची मोटार अशीच असते. या बाईला मोटारीतलं काय कळतं?

३.०५. पलीकडच्या राज्याची सर्व्हिस बस नाक्याकडून आली आणि न थांबता गेली. खिडकीत नाक्यावरचा तो कारकून. ड्यूटी संपवून निघाला असावा. मी हात केला. त्याने तोंड फिरवलं. उन्हामुळे ओळखलं नसेल. बसमध्ये जागा होती असं टोपीवाला म्हणाला. अशा जागेचा मोह माझ्यासारख्याला होत नाही.

३.४०. कडूबाने मला शंभर पावलं दूर जाऊन ऐकायला सांगितलं. दुरून आवाज नीट कळतो. मी गेलो. परत आलो तर इंजिन चालू. माझ्या कानाचा उपयोग झाला.

५.३०. बऱ्हाणपूर. बाकीची माणसं वाटेत उतरली. कोंबडीने धोतरावर खूण ठेवली आहे, पण सोगा घेतला की दिसत नाही. उतरताना डावा पाय, मग काठी.

८ एप्रिल, सोमवार. भुसावळ स्टेशन, प्लॅटफॉर्मवर

काल पुढचं लिहायला सवड झाली नाही. आता आहे. खरा प्रकार इथे नोंदवून ठेवतो, कारण दयाराम गावात जाऊन काय सांगेल नेम नाही.

दारासमोर मोटार वळवायला जागा मोकळी ठेवली होती. ती सकाळपासून तशीच मोकळी, मध्ये बकरी बांधलेली. मी प्रॅक्टिसप्रमाणे उतरलो. स्वागताला कोणी नाही. आत बैठकीत दहा-बारा माणसं. मध्ये कारभारीजी, पांढऱ्या मिशा, पोक्त माणूस. कोपऱ्यात दयाराम, तोंड उतरलेलं. आणि तक्क्याला टेकून कोण, तर नाक्यावरचा कारकून!

मी एका क्षणात ओळखलं. छापा. हा माणूस मोटारीच्या मागावर इथपर्यंत आला. दयाराम डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता, म्हणजे तोही तेच सांगत होता. मागून कडूबाने कोपराने ढोसलं. अशा वेळी माझं डोकं थंड राहतं.

कारभारीजी म्हणाले, या. बसा. एकच विचारतो. तुमचं आडनाव काय?

मी कारकुनाच्या डोळ्याला डोळा भिडवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, गावंडे. शेषराव गावंडे. पिंपळगाव राजाचा रंगराव माझा सख्खा चुलतभाऊ.

आतल्या खोलीत भांडं पडलं.

कारभारीजींनी डोळे मिटले. म्हणाले, रंगरावचा आजा आणि माझा आजा सख्खे भाऊ होते. तुम्ही रंगरावचे चुलतभाऊ, म्हणजे आमचेच भाऊबंद. मंग तुमची पोरगी माह्या पोराची बहीण झाली ना हो. बहिणीसंग लग्न लावाले आले का तुम्ही?

नंतर कळलं ते असं. कारकुनाचं नाव पुंजाजी, आणि तो नवरदेवाचा सख्खा मामा. मनकर्णा आणि दयाराम दुपारी एकला, कागदावर लिहिल्याप्रमाणे, येऊन पोहोचले होते. जेवणं झाली होती, मुलगा पाहिला होता, सगळं पसंत पडलं होतं, फक्त मी यायचा होतो. चारला हा पुंजाजी बसमधून उतरून आला आणि म्हणाला, दाजी, फसवणूक आहे. पोरगीवाले आडनाव लपवून राह्यले. ढगे सांगतात, आहेत गावंडे, बापाची सही आहे माह्या रजिस्टरात. दयाराम दीड तास शपथा घेत होता की आम्ही ढगे. कारभारीजी शेवटी म्हणाले, बापाले येऊ द्या, बाप स्वतःच्या तोंडानं सांगंल. आणि बाप आला.

मी म्हणालो, थांबा, यात गैरसमज आहे. पुंजाजी म्हणाला, गैरसमज एकच राहू शकते. तुम्ही गावंडे असाल, त मोटार घरची, मी आत्ता सोडून देतो, पण सोयरीक बंद. तुम्ही ढगे असाल, त सोयरीक चालू ठेवा, पण मोटार भाड्याची झाली, ते मी जमा करतो. आणि खोटी सही केल्याचं दाजींसमोर कबूल करा. सांगा, कोण आहात?

मी विचार करायला पाच मिनिटं मागितली.

याचा आता सगळे उगाच बाऊ करत आहेत. घाईत उत्तर देणं धंद्यात बसत नाही. एकीकडे पोरीचं लग्न, मान्य. दुसरीकडे मी स्वतःच्या अक्षरात 'घरची मोटार' लिहिलेलं पत्र तिथेच कारभारीजींच्या खिशात दिसत होतं. बारा माणसांसमोर भाड्याची म्हणायचं? मी म्हणालो, मोटार घरची असून सोयरीकही चालू राहील असा काही तिसरा मार्ग निघतो का, पाहू. दत्तक वगैरे.

तेवढ्यात मनकर्णा उंबऱ्यात आली. पदर डोक्यावर, आवाज मात्र शेगावपर्यंत जाईल असा. म्हणाली, हे ढगे आहेत. चोवीस वर्षं झाले, मले मालूम आहे. मोटार भाड्याची आहे, रंगराव यांचा कोणी नाही. आमची पोरगी चांगली आहे, तिले पाहा. यांच्याकडं पाहू नका.

मी ताबडतोब म्हणालो, मी हेच सांगणार होतो.

अशा रीतीने प्रसंग सावरला गेला. पुंजाजीने मोटार जमा केली. कडूबा तिच्याजवळच राहिला. निघताना मला म्हणाला, मालक, तुमचा कान सलामत ठेवा. कारभारीजींनी जेवू घातलं, पण पानावर माझ्याशी हवामानाशिवाय काही बोलले नाहीत. भिडस्त माणूस दिसतो. पत्राने कळवू म्हणाले.

आता तिसऱ्या वर्गाची तीन तिकिटं घेऊन बसलो आहे. दयाराम पेपर वाचतो आहे. मनकर्णा रुळांकडे पाहते आहे. काल संध्याकाळपासून माझ्याशी एक वाक्य बोलली, तेही स्टेशनात आल्यावर. म्हणाली, पाच मिनिटं.

९ एप्रिल, मंगळवार

रुख्मिणीने काही विचारलं नाही. तिला मामाने सगळं सांगितलेलं दिसतं. मी तिला समजावलं की बाप म्हणून मी दोन्ही बाजूंचा विचार केला. ती म्हणाली, हो बाबा. आणि चक्कीवर डबा पाठवला. डब्यात काही कमी नव्हतं. ते जास्त लागलं.

११ एप्रिल, गुरुवार

पत्र नाही. चक्कीवर दळणाला आलेल्या बायका मी आलो की गप्प होतात. पट्टा चालू असताना आपल्याला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. मला ऐकू येतं. अन्नपूर्णाबाई म्हणत होत्या, पोरगी काय वाईट आहे हो, पण बापाचंच ठरंना का आपण कोण.

संकल्प : यापुढे प्रवासात आडनाव न सांगणे. दुसरा संकल्प : रंगरावला निरोप पाठवणे की मोटार परत आणण्याची जबाबदारी त्याच्या ड्रायव्हरची.

१४ एप्रिल, रविवार

पत्र नाही. आज जेवताना रुख्मिणीकडे पाहिलं. तिने पुढच्या वर्गाची पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली आहेत. मी विचारलं, वर का ठेवली? म्हणाली, धूळ बसते. वर काय कमी धूळ असते? मी काही बोललो नाही. या आठवड्यात मी बराच कमी बोलतो आहे. कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१७ एप्रिल, बुधवार

मीच पत्र लिहावं का? चार ओळी लिहिल्या. 'आपल्या पाच मिनिटांच्या संदर्भात' इथवर आलो. फाडलं. मनकर्णाने तुकडे गोळा करून चुलीत टाकले, वाचून.

२० एप्रिल, शनिवार

पत्र आलं! माझ्या नावाने नाही, दयारामच्या नावाने, शेगावला. तो यस्टीने घेऊन आला, शाळा सुटल्या सुटल्या. सोयरीक पक्की. मुलगी पसंत. लग्न वैशाखात, बऱ्हाणपूरला, मुलाच्या दारी. लग्नानंतर शिक्षण चालू ठेवण्याबद्दल मुलाने स्वतः दोन ओळी खाली लिहिल्या आहेत. रुख्मिणीने त्या तीनदा वाचल्या, मग आत गेली, आणि माळ्यावर काहीतरी हललं.

मी म्हणालो, पाहिलं? इम्प्रेशन पडायला वेळ लागतो. मग मी पत्र स्वतः वाचायला घेतलं. दोन पानी आहे. मांडव, मुहूर्त, पाहुणे किती, कोणी कुठे उतरायचं, सगळं विगतवार. 'यापुढील बोलणी दयारामजींशी व्हावी.' पाहुण्यांचं सामान रुख्मिणीच्या आईने पाहावं. स्टेशनावर उतरवून घ्यायला पुंजाजी मामा येतील. माझं नाव शोधत गेलो. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसरी ओळ.

'शेषरावजींनी फक्त यावे.'

एवढंच. पत्राची घडी घातली. मग दयारामला विचारलं, पहाटेची यस्टी नक्की किती वाजता असते. त्याने खिशातून कागद काढला, पुन्हा लाल शाईचा, आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, भाऊजी, घाबरू नका. यस्टीच्या तिकिटाले नाव विचारत नाहीत.